अंगावरून जाणं, अंगावर काढणं

मराठीत बाईच्या दुखण्यासाठी दोन शब्दप्रयोग अगदी शेजारी शेजारी नांदतात. रक्त असो की पांढरं पाणी, ते ‘अंगावरून जातं’. आणि कुणाला न सांगता, हातातलं काम न थांबवता सोसलं की ते ‘अंगावर काढलं’ असं आपण म्हणतो. पहिलं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पाळीची तारीख नसताना लागणारा डाग या दोन शब्दांच्या बरोबर मध्ये येऊन पडतो. काही जणी घाबरून पाकीट टाकून देतात आणि नको असताना त्यांना दिवस राहतात. काही जणी ‘गोळीमुळेच असेल’ अशी स्वतःची समजूत घालून महिनोन्महिने गप्प बसतात, आणि डागामागचं कारण मात्र भलतंच असतं. दोन्हीकडे चूक एकच: डाग कुणी वाचलेला नसतो. तो वाचता येतो, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी दर वेळी मोठा डॉक्टर लागत नाही. पाकीट हातात ठेवताना कुणीतरी दहा मिनिटं बोलावं लागतं, आणि ते बोलणं औषधाचाच भाग मानावं लागतं.

हे बोलणं कुठे अडतं, ते एका गावावरून पाहू. बारामती म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस, कालवा आणि साखर कारखाने येतात. सुपे त्याच तालुक्यातलं असलं तरी जिरायती पट्ट्यातलं गाव. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीनं ज्याचं नाव यायचं ते हे सुपे. आज त्याच्या माळावर चिंकारांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. इथल्या पावसाचा अंदाज तेवढ्यावरूनच यावा. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि वाड्यावस्त्यांवर आशाताई पोचतात. तेव्हा ‘सोयच नाही’ ही सबब इथे पुरती चालत नाही. उणीव आहे ती बोलण्याची. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार लग्न झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे; गोळी घेणाऱ्या शंभरात दोघींच्या आसपास. एवढ्या थोड्या जणींसाठी इतका काथ्याकूट कशाला, असं कुणी विचारील. पण ऑपरेशन होतं ते मुलं झाल्यावर. लग्नानंतरची पहिली वर्षं आणि दोन बाळंतपणांमधलं अंतर यांसाठी स्त्रीच्या स्वतःच्या हातातलं, हवं तेव्हा थांबवता येणारं साधन म्हणजे गोळी. आणि गोळी सोडण्याच्या कारणांमध्ये अवेळी होणारा रक्तस्राव जगभर वरच्या क्रमांकावर आढळतो. दोन हा आकडा छोटा आहे म्हणून डागाचा प्रश्न छोटा ठरत नाही; आकडा छोटा राहण्यात डागाचाही हात आहे.

पहिला घोटाळा शब्दातच आहे. औषधाच्या दुकानात ‘गोळी’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू फिरतात, आणि डागाचा अर्थ प्रत्येकीबरोबर बदलतो. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि दुकानातली माला-डी यांत दोन संप्रेरकं असतात: ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ पांढऱ्या गोळ्या खरं काम करतात. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या, रोजची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या. ‘छाया’ ही दुसरी गोळी. तीत संप्रेरक नसतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध पूर्वी ‘सहेली’ या नावानं आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या वारासारखा वार धरून ती घ्यायची. तिच्यामुळे पाळी लांबते आणि कमी होते. तिथे डागापेक्षा तारीख उलटण्याचीच चिंता जास्त वाटते, आणि तारीख पंधरा दिवसांहून जास्त उलटली तर लघवीची चाचणी करायची असते. तिसरी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी. ती घेतल्यावर थोडे दिवस डाग लागणं किंवा पुढची पाळी मागेपुढे होणं हे तिचं नेहमीचं वागणं. चौथी मात्र गर्भनिरोधक नाहीच. गौरी-गणपती, घरचं लग्नकार्य, किंवा बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीबरोबरची वारी आली की पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मागितल्या जातात. त्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जातं, मध्येच एखादी चुकली तर ऐन कार्यात डाग लागतो, आणि त्या घेत असताना दिवस राहणार नाहीत अशी खात्री धरणाऱ्या बाईची फसगत होते. म्हणून डागाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न ‘किती दिवस जातंय?’ हा विचारू नये. ‘पाकीट दाखवा’ हे आधी म्हणावं.

आता रोजच्या गोळीकडे येऊ. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला दोन संप्रेरकांच्या तालावर वाढतं आणि गळतं. इस्ट्रोजेन ते उभारतं आणि धरून ठेवतं, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं संप्रेरक ते पातळ ठेवतं. गोळी घेतल्यावर बीज बाहेर पडणं थांबतं आणि अस्तर इतकं पातळ राहतं की त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या सहज फुटतात. तोच डाग. यात इस्ट्रोजेनचं काम काय, हे गोळीच्या जन्मकथेतच नोंदलेलं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक ज्या औषधाच्या चाचण्या घेत होते, ते केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं आहे अशी समजूत होती. पुढे त्यात इस्ट्रोजेनची किंचित भेसळ राहून गेल्याचं आढळलं. ती काढून औषध शुद्ध केलं, तर स्त्रियांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला. म्हणून ती भेसळ मोजूनमापून परत घालण्यात आली. १९६० साली बाजारात आलेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. त्यानं रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात हे दिसल्यावर मात्रा उतरवत आणली. आजच्या माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या वेळच्या पाचवा हिस्सा आहे. मात्रा उतरली तशी अस्तराची धरही सैल झाली. थोडक्यात, आज पहिल्या महिन्यांत लागणारा डाग हा बऱ्याच अंशी गुठळीचा धोका कमी केल्याबद्दल मोजलेली किंमत आहे. ‘गोळी उष्ण पडली’ असं जे गावात म्हटलं जातं, त्यामागे हे आहे. उष्णता हा शब्द शास्त्रात बसत नसेल, पण काहीतरी घडतंय हे बाईचं निरीक्षण खरंच असतं.

ते निरीक्षण उडवून लावण्याची परंपराही गोळीइतकीच जुनी आहे. १९५६ मध्ये पोर्टो रिकोत मोठी चाचणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या प्रमुख डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी असे त्रास होतात असं कळवलं आणि अशी गोळी सर्वांना देण्याजोगी नाही असं मत दिलं. पिंकस यांनी ते त्रास मनाचे मानले. पुढे मात्रा बरीच खाली आल्यावर त्या तक्रारी कमी झाल्या, यावरून खरं कोण बोलत होतं ते समजतं.

डाग नेमका केव्हा निरुपद्रवी मानायचा? पहिल्या तीन पाकिटांपर्यंत, बाकी काही त्रास नसेल तर. पहिल्या महिन्यात तीनपैकी जवळपास एकीला मध्येच डाग लागू शकतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकींचा तो आपोआप थांबतो. शरीर पातळ अस्तराला सरावतं. या काळात पाकीट अर्ध्यात सोडणं हाच सर्वांत मोठा धोका, कारण सोडलं की संरक्षणही गेलं आणि दोन-तीन दिवसांत आणखी रक्त आलं. त्या रक्तानं बाईची खात्री पटते की गोळीनं बिघाड केला, आणि ही खात्री नणंद-जावांमधून पुढे जाते. तीन महिन्यांनंतरही डाग चालू असेल किंवा सुरळीत चाललेलं असताना अचानक सुरू झाला असेल, तर पहिला संशय विसरलेल्या गोळीवर घ्यावा. खुरपणीला पहाटे निघणारी बाई रात्री थकून झोपते आणि एक गोळी राहते. एक राहिली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची चुकलेली लगेच घेऊन पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. तपकिरी गोळ्यांपैकी राहिली तर काहीच बिघडत नाही. उलट्या-जुलाबानंतरचा डागही याच खात्यात धरावा, कारण गोळी पोटात ठरलेलीच नसते.

दुसरा संशय दुसऱ्या औषधावर घ्यावा. हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गोळीतली संप्रेरकं लवकर नष्ट होतात. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांचंही तसंच. अशा वेळी डाग हा गोळी निकामी होत असल्याचा इशारा असतो. तिथे ‘तीन महिने थांबा’ हा सल्ला घातक ठरेल. टीबीच्या गोळ्या आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या एकाच उपकेंद्रातून, कधी एकाच हातातून दिल्या जातात, तरी दोन्हींचा संबंध त्या बाईला सांगितला जाईलच असं नसतं. सर्दी-तापासाठीच्या साध्या अँटिबायोटिकनं मात्र गोळीचा असर जात नाही. ती भीती सोडून द्यावी.

पांढरं जाणं याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे भीतीही मोठी आहे आणि दुर्लक्षही. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली; ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा एखादा तरी आजार निघाला. तक्रार बोलून दाखवणाऱ्या ५५ टक्के होत्या, आणि पूर्वी कधीतरी या आजारांसाठी तपासणी वा उपचार मिळालेल्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास गोळीबद्दल नव्हता. पण गोळी ज्या शरीरात जाते त्याची आधीची स्थिती त्यानं दाखवली. तिथे पांढरं जाणं आधीपासूनच असतं. गोळी सुरू झाली की त्याकडे पहिल्यांदा लक्ष जातं आणि दोष गोळीला मिळतो. किंवा उलटं घडतं: वास येणारं, खाज सुटणारं पाणी गोळीच्या नावावर खपवलं जातं.

गोळीमुळे खरोखर काय बदलतं, ते ओळखणं अवघड नाही. दोन पाळ्यांच्या मध्यावर येणारा पारदर्शक, तार सुटणारा स्राव थांबतो, कारण बीजच बाहेर पडत नाही. त्याऐवजी स्राव घट्ट आणि चिकट होतो. शुक्रजंतूंना वाट न देणं हेच त्याचं काम. त्यात जुनं रक्त मिसळलं की तो कॉफीच्या रंगाचा दिसतो. महिन्याचं रक्त कमी आणि काळसर येतं. ‘मग उरलेलं आत साठतं’ अशी समजूत पक्की आहे, पण अस्तरच पातळ बनल्यावर साठायला काही नसतंच. उलट, राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना कमी जाणारं रक्त आणि तपकिरी गोळ्यांतलं लोह हा फायदाच आहे. पांढरं गेल्यानं हाडं झिजतात, ताकद जाते, हेही खरं नाही. कंबरदुखी आणि थकवा यांची कारणं बहुधा रक्तक्षयात आणि कष्टात सापडतात. पण दह्याच्या कवडीसारखं पाणी आणि खाज म्हणजे बुरशी, माशासारखा वास म्हणजे जंतूंचा बिघडलेला समतोल, पिवळट-हिरवं फेसाळ पाणी म्हणजे संसर्ग. यांतलं काहीही गोळी थांबवून बरं होत नाही. सरकारी रुग्णालयात अशा स्रावासाठी हिरव्या रंगाचं ठरलेलं औषधांचं पाकीट मोफत मिळतं. नवऱ्याकडून आलेला संसर्ग असेल तर उपचार दोघांनाही लागतात. हे वाक्य बहुतेक ठिकाणी तोंडातल्या तोंडात राहतं, आणि बाई महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार घेऊन येते. ओटीपोटात दुखून ताप आला, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

खूण चुकीची वाचली गेली की काय होतं, याचा सर्वांत कठोर पुरावा बीडनं दिला. २०१९ मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जाणं, अवेळी रक्त, ओटीपोटात दुखणं, या अशाच तक्रारी घेऊन अनेक जणी दवाखान्यात गेल्या होत्या. ‘पिशवीला सूज आहे’, ‘जखम आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भाषा ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. यातली ‘जखम’ गोळीशी थेट जोडलेली आहे. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या मुखावर आतलं नाजूक, लालसर आवरण बाहेर दिसू लागतं, त्यातून स्राव वाढतो, आणि स्पर्शानं थोडं रक्तही येतं. ते जखम नव्हे आणि कॅन्सरही नव्हे. ज्या बाईला हे आधी सांगितलेलं आहे, तिला घाबरवणं सोपं जात नाही.

यावर एक आक्षेप जबाबदार माणसांकडूनही येतो: आधीच डागाबद्दल सांगितलं तर बाया गोळी सुरूच करणार नाहीत. चीनमध्ये याची परीक्षा झाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या इंजेक्शनआधी, म्हणजे आपल्याकडे ‘अंतरा’ नावानं मिळणाऱ्या औषधाआधी, काही स्त्रियांना रक्तस्रावातल्या बदलांची नीट कल्पना देण्यात आली आणि काहींना नेहमीचीच माहिती. वर्षभरात नेहमीची माहिती मिळालेल्यांपैकी ४२ टक्क्यांनी इंजेक्शन सोडलं, नीट कल्पना दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी. इंजेक्शन आणि गोळी एक नव्हे, आणि गोळीच्या बाबतीत एकदाच बोलून भागल्याचे निकाल इतके ठसठशीत नाहीत. रोज घ्यायच्या वस्तूला पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. पण सांगितल्यानं बाई पळते, हे गृहीत यातून तरी टिकत नाही. ती बावरते ती अचानक दिसलेल्या रक्तानं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डाग ‘वाचायला’ शिकवलं तर एखादीचा कॅन्सर ‘पहिल्या तीन महिन्यांचा डाग’ म्हणून सुटून जाईल. हा धोका खरा आहे, म्हणूनच एक रेघ ठाम ओढायची: संबंधानंतर येणारं रक्त कितव्याही महिन्यात आलं तरी त्याला गोळीच्या नावावर टाकायचं नाही, गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी पाहून घ्यायचं. हे पाहणं गावात जमणार नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयानं डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून ॲसिटिक आम्ल लावून तपासणी करवली, आणि २०१४ साली छापलेल्या निष्कर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्याआधी, २००९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीच्या एकाच फेरीनं हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं प्रसिद्ध झालं होतं. ते काम बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आधारानं झालं. बार्शी इंदापूरहून फार लांब नाही.

बोलायचं केव्हा, हे मात्र ठरवून घ्यायला हवं. पहिलं पाकीट देताना: कोणती गोळी, रक्तदाब किती, अर्धशिशी किंवा पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, बाळ अंगावर पितं का (पहिले सहा महिने माला-एन नको, छाया चालते), टीबीची किंवा फिट्सची औषधं आहेत का, आणि डाग लागेल तो कशाचा. मग चौथं पाकीट देताना पुन्हा: डाग थांबला का, गोळ्या राहिल्या का, पाण्याला वास किंवा खाज आहे का, संबंधानंतर रक्त दिसलं का. चौथ्या पाकिटाला डाग चालूच असेल आणि गोळ्या चुकलेल्या नसतील तर सुप्याच्या रुग्णालयात तपासणी, गरज पडली तर गोळी बदलणं. छातीत दुखणं, एका पायाच्या पोटरीला सूज, अचानक अंधुक दिसणं, असं काही झालं तर पाकिटाची वाट न बघता लगेच दवाखाना.

सुप्यात राहणाऱ्या बाईला हे चौथं पाकीट गावातच मिळेल. ऊसतोडीला निघालेल्या बाईचं तसं नाही. दिवाळीनंतर बीडच्या टोळ्या सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांवर उतरतात. नोव्हेंबरात गावच्या आशाताईकडून पहिलं पाकीट घेऊन ती निघाली, तर चौथं उघडायची वेळ जानेवारीच्या अखेरीला येते. तेव्हा ती इथल्या फडात असते, तिच्या नावाची वही बीडमधल्या उपकेंद्रात असते, आणि चौथ्या पाकिटाचे प्रश्न विचारायचे तर ते इथल्याच आशाताईनं कोप्यांपर्यंत जाऊन विचारायचे आहेत.